उन्हाळ्याच्या सुट्टीत पळायला वेळ: पहाटेचं गणित आदल्या रात्री सुटतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. तू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, १५०० आणि ५००० मीटर पळतेस. उन्हाळ्याची सुट्टी लागली, पण ती नावालाच. साडेनऊ ते सहा इंटर्नशिप, जायला-यायला मिळून दीड तास, आणि राहिलेल्या एका विषयाची परीक्षा डोक्यावर. प्रशिक्षकांनी १२ आठवड्यांचा तक्ता दिलाय, आठवड्याला ७० किलोमीटरचा. पहिल्या ३ आठवड्यांत तू एकूण ७ वेळा पळालीस. मग मन खायला लागलं म्हणून एका शनिवार-रविवारी मिळून ३४ किलोमीटर काढलेस आणि आता डावी नडगी दुखते आहे. वेळ कुठून आणू, सकाळी पळू की संध्याकाळी, आणि बुडालेले दिवस कसे भरून काढू, असं तू विचारतेस.

मी स्वतः कॉलेजात असताना ५००० मीटर पळायचे आणि गेली २२ वर्षं या वयाच्या मुलामुलींना मध्यम आणि लांब पल्ल्याचं पळणं शिकवते आहे. तू लिहिलेली अडचण दर उन्हाळ्यात माझ्यासमोर येते. तेव्हा पहिली गोष्ट: तू आळशी नाहीस. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तुझा दिवस कॉलेजच्या तासांनी बांधलेला होता. ग्राउंडवर किती वाजता यायचं हे दुसरं कोणीतरी ठरवत होतं, सोबतीला दहा जणी होत्या, उशीर झाला तर नाव पुकारलं जायचं. सुट्टी लागल्यावर हे सगळं एकदम सुटलं आणि पळणं ‘वेळ मिळाला तर’ या रकान्यात जाऊन पडलं. त्या रकान्यात गेलेलं काम कुणाचंच होत नाही.

म्हणून ते ७० किलोमीटर सध्या बाजूला ठेव. आधी तास मोजूया.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडची एक मुलगी अगदी तुझ्यासारखंच म्हणायची, ‘मॅडम, पाऊण तास काढायचा तरी कुठून?’ मी तिला एक आठवडा वही दिली आणि सांगितलं, डोळे उघडल्यापासून पळून घरी परत येईपर्यंत काय काय केलंस ते मिनिटांसकट लिही. वहीत जे उतरलं ते मला अजून पाठ आहे. अंथरुणात फोन, ११ मिनिटं. मोजे आणि घड्याळ शोधणं, ९ मिनिटं. ग्राउंडपर्यंत जाणं, १६. मैत्रिणींची वाट पाहत उभं राहणं, ८. पळणं, ४५. मग गप्पा आणि गप्पांच्या ओघात स्ट्रेचिंग, २०. परत येणं, १६. बेरीज १२५ मिनिटं. म्हणजे पाऊण तासाच्या पळण्याला दोन तासांहून जास्त वेळ जात होता, आणि तिच्या मनात ‘पळणं’ म्हणजे ते दोन तास होते. इंटर्नशिप आणि अभ्यास सांभाळून दोन तास नाहीत, हे तिचं म्हणणं खरंच होतं. पण पाऊण तास होता.

आम्ही एवढंच केलं. आठवड्यातले चार दिवस तिने घराच्या दारातूनच पळायला सुरुवात करायची. सरावाचे कपडे, बूट, घड्याळ, किल्ली रात्रीच एका खुर्चीवर, मोजे बुटांत खोचलेले. फोन दुसऱ्या खोलीत. उठल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत १२ मिनिटं, पळणं ४५, शेवटी ५ मिनिटं चालणं. झाले ६२. उरलेले दोन दिवस ग्राउंडवर मैत्रिणींबरोबर, गप्पांसकट, कारण तेही लागतं. नुसतं एकटीने पळून उन्हाळा निघत नाही.

तू हीच वही चार दिवस लिही. माझा अनुभव असा की पळण्याच्या आजूबाजूलाच निदान अर्धा तास सांडत असतो, आणि तो परत मिळवणं हे नवा तास शोधण्यापेक्षा फार सोपं आहे.

आता सकाळ की संध्याकाळ. तुझ्या वेळापत्रकात मी बिनदिक्कत सकाळ म्हणेन, आणि त्याची कारणं दोन आहेत. एक म्हणजे संध्याकाळवर तुझा ताबा नाही. ऑफिसात कुणीतरी ‘पाच मिनिटं थांब’ म्हणतं आणि त्याची चाळीस होतात. पहाटे साडेपाचला तुझ्याकडून कुणाला काही नको असतं. दुसरं कारण ऊन. दिवसातलं सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. त्या वेळी हवेत दमटपणा जास्त जाणवतो हे खरं, पण डोक्यावर ऊन नसतं आणि रस्ता तापलेला नसतो. संध्याकाळी सूर्य कलला तरी डांबर आणि भिंती दिवसभर साठवलेली उष्णता बाहेर टाकतच असतात.

पण पहाटे उठायचं म्हणून तू झोप कापणार असशील, तर ही सगळी योजना मी मागे घेते. हे मी फार गांभीर्याने सांगते आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोप ही अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ची शिफारस आहे, आणि प्रौढांसाठी किमान ७. तू त्या दोन्हीच्या उंबरठ्यावर आहेस आणि वर सरावाचा भार आहे, म्हणून मी ८ धरते. २०१४ साली शाळकरी खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात रोज ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता बाकीच्यांच्या १.७ पट निघाली. खेळाडू ११२च होते, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नकोस. पण मी ग्राउंडवर जे बघत आले त्याच्याशी तो जुळतो. नडग्या, टाचा, गुडघे घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी ‘किती पळालीस’ विचारायचे, आता ‘किती वाजता झोपतेस’ हे आधी विचारते.

तेव्हा उलटा हिशोब कर. ५:४०ला दाराबाहेर पडायचं तर ५:२५ला उठायचं. ५:२५ला उठायचं तर साडेनऊला दिवा बंद. तुला हे ऐकून धक्का बसेल, कारण सध्या तू साडेअकरा-बाराला झोपतेस असं लिहिलंयस. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं, त्यामुळे एका रात्रीत दोन तास मागे जायला बघशील तर नुसती छताकडे बघत पडशील. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं मागे सरक. सकाळी उठल्याबरोबर बाहेरच्या उजेडात ये, कारण घड्याळ खरं मागे सरकतं ते सकाळच्या उजेडाने. रात्रीच्या निश्चयाचा त्यात वाटा थोडाच. साडेनऊ जमलंच नाही तर दहा कर, पण मग साडेपाचच्या आधी उठू नकोस आणि रविवारी दुपारी अर्धा तास डुलकी घे. आणि ज्या दिवशी काही कारणाने बारा वाजले, त्या दिवशी गजर बंद करून झोप. तो दिवस पळण्याचा नाही. बुडालेलं एक पळणं शरीराला कळतही नाही, पाच तासांच्या झोपेवर केलेलं पळणं मात्र चांगलंच कळतं.

रात्री जागून अभ्यास करायची सवय असेल तर तो सकाळी आण. पळून, आंघोळ करून सात वाजता तू टेबलाशी बसलीस तर निघेपर्यंत दीड तास मिळतो. राहिलेला एक विषय नऊ आठवड्यांत रोज दीड तासाने निघतो, आणि संध्याकाळी डोळे मिटत असताना तीन तास पुस्तक धरून बसण्यापेक्षा नीट निघतो.

घरच्यांना ही वेळ सांग. नुसतं ‘मी सकाळी पळते’ असं नको. ‘५:४० ते ६:३० मी बाहेर असते आणि साडेनऊला झोपते’ असं घड्याळासकट सांग. माझ्याकडच्या किती तरी मुलींचा सराव रात्री दहाला घरात लागणाऱ्या टीव्हीने मोडला आहे, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता त्या पाऊण तासात करायचं काय. इथे मला थोडं मागे जाऊन सांगू दे, कारण ७० हा आकडा कुठून येतो ते कळलं तर त्याची भीती जाईल.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या धावपटूंना, अगदी ८०० मीटरवाल्यांनाही, स्पर्धांच्या आधीचे कित्येक आठवडे भरपूर आणि सलग पळायला लावलं. आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरच्या आसपास. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरी हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. स्नेलने पुढे १९६४ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्ही जिंकली. तेव्हापासून जगभर ‘आधी बेस (म्हणजे दमाचा पाया), मग वेग’ हा क्रम रुजला आणि सुट्टीतला काळ बेसचा ठरला. तुझ्या प्रशिक्षकांचा तक्ता याच घराण्यातला आहे आणि त्यामागचा विचार बरोबर आहे. सावकाश, सलग पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. हे सगळं आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या मापाने होतं. एका शनिवार-रविवारी ते होत नाही, हे तुझ्या नडगीने तुला सांगितलंच आहे.

पण बेस म्हणजे मोठा आकडा, असा अर्थ घेऊ नकोस. याच्या दुसऱ्या टोकाला चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला धावपटू रॉजर बॅनिस्टर आहे. तो लंडनमध्ये डॉक्टरकीचा विद्यार्थी होता. वॉर्ड, अभ्यास आणि परीक्षा यांतून त्याच्या हाती दुपारच्या जेवणाची सुट्टी तेवढी लागायची. त्यात तो जवळच्या मैदानावर जायचा आणि पळून परत कामावर हजर व्हायचा. १९५३-५४च्या हिवाळ्यात त्याचा ठरलेला सराव होता १० वेळा पाव मैल, मध्ये २ मिनिटं विश्रांती. डिसेंबरात एकेक पाव मैल ६६ सेकंदांना जायचा. वसंतापर्यंत ६१वर आला आणि तिथे अडकला. त्याला ६० हवे होते, कारण चार मिनिटांच्या आत मैल हवा होता. कितीही जोर लावला तरी ६१. शेवटी तो मित्र ख्रिस ब्रॅशरबरोबर सराव सोडून स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेला. परतल्यावर आणखी दोन-तीन दिवस विश्रांती घेतली आणि मग मैदानावर उतरला, तेव्हा तोच पाव मैल ५९ला गेला. ६ मे १९५४ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर ३ मिनिटं ५९.४ सेकंद. त्या दिवशी सकाळीसुद्धा तो आधी हॉस्पिटलात गेला होता.

बॅनिस्टरसारखा सराव तू कर, असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात रोज असे जोरकस इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत वेगात पळायचे तुकडे, केले तर स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच तू संपशील. पण त्याच्या कहाणीतल्या दोन गोष्टी तुझ्याच आहेत. त्याची वेळ छोटी होती, पण ठरलेली होती, आणि ती तो दुसऱ्या कशाला देत नव्हता. आणि जिथे अडला तिथे त्याने सराव आणखी वाढवला नाही, विश्रांती वाढवली.

तुझ्या हातात आठवड्याला साधारण पाच तास आहेत असं मी धरते. ते असे वापर. चार दिवस ४० मिनिटं इझी. एक दिवस ४५ मिनिटं, त्यात मधे १५-२० मिनिटं फार्टलेक: १ मिनिट जोरात, १ ते २ मिनिटं सावकाश, किंवा जवळ चढ असेल तर तो ८ वेळा चढायचा आणि चालत उतरायचं. फार्टलेक हा स्वीडनचा शब्द, वेगाशी खेळणं असा त्याचा अर्थ, आणि तो खेळच राहू दे, घड्याळाच्या मागे लागू नकोस. रविवारी लाँग रन, ७५ मिनिटांपासून सुरू करून हळूहळू ९०. एक दिवस पूर्ण सुट्टी. इझीच्या दोन दिवशी शेवटी ५ स्ट्राइड्स (मोकळेपणाने वेगात पळायचे छोटे तुकडे), प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे पायांना वेगाची आठवण राहते. तुझ्या इझी पेसने याचे ४५ ते ४८ किलोमीटर होतात. ७० नाहीत, आणि माझ्या मते या उन्हाळ्यात व्हायलाही नकोत. तुझ्या पाठीशी ४७ किलोमीटरचे नऊ आठवडे सलग असले तर तू ७०, २०, ६५, ० असं पळालेल्या मुलीच्या पुढे असशील.

‘इझी’ म्हणजे काय, यावर मात्र मी हटून बसते. सोबतच्या मुलीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ते इझी नाही. वेळ कमी आहे म्हणून निदान जोरात तरी पळू, हा विचार प्रत्येक कामात असलेल्या विद्यार्थ्याच्या मनात येतो आणि दुखापती तिथूनच सुरू होतात. फुप्फुसं आणि हृदय लवकर जुळवून घेतात, तीन-चार आठवड्यांत तुला दम कमी लागतो. हाडं आणि स्नायूबंध यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे दम म्हणतो ‘आणखी’, आणि नडगी अजून मागच्या महिन्यात असते.

उन्हात तर पेस बघूच नकोस. सुरुवातीचे दिवस तोच रस्ता, तोच वेग, पण नाडी दहा-पंधरा ठोके वर, असं दिसेल. रक्ताचा काही भाग अंग थंड ठेवायला त्वचेकडे वळतो, तेवढा पायांना कमी पडतो. १० ते १४ दिवस रोज थोडं थोडं उकाड्यात पळालीस की शरीर सरावतं: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. पण हे दोन आठवडे सलग लागतात, आणि दोन-तीन आठवडे खंड पडला की कमाई बरीचशी निघून जाते. एक आठवडा पहाटे, एक आठवडा काहीच नाही, असं केलंस तर दर वेळी तू पहिल्या दिवसावरच असशील. दिवसभर एसीत बसणाऱ्याचं शरीर सरावतं ते फक्त पळताना, हेही ध्यानात ठेव.

पाणी तहान लागेल तसं. पळण्याआधी आणि नंतर एकदा वजन करून बघ. ते २ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर पाणी कमी पडतंय, आणि वाढलं असेल तर जास्त पितेस. गरजेपेक्षा खूप जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम खाली येणं हेही तितकंच धोक्याचं आहे.

आणि एक गोष्ट, जी तुला आणि तुझ्या सगळ्या मैत्रिणींना पाठ असायला हवी. उकाड्यात पळताना कुणी अडखळायला लागली, असंबद्ध बोलायला लागली, वेगळीच वागायला लागली किंवा कोसळली, तर ती नुसती दमलेली नाही, तिला उष्माघात झालाय असंच धरायचं. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. सावलीत न्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत वाट न बघता तिथेच गार करायचं. जमलं तर थंड पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवून, डोकं धरून. नाहीतर अंगभर सतत गार पाणी ओतत आणि वारा घालत. आधी थंड करायचं, मग हलवायचं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. पळता पळता उष्माघात झालेल्याला भरपूर घाम असू शकतो.

आता तुझा तिसरा प्रश्न, बुडालेले दिवस. ते भरून काढायचे नाहीत. बुडाले ते बुडाले, तक्त्यात आज जे आहे तिथूनच पुढे. चार-पाच दिवस अजिबात पळालं नाही तरी सांगण्यासारखं काही कमी होत नाही. उतार जाणवायला लागतो तो सलग दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने. मी एकच नियम पाळायला सांगते: सलग तीन दिवस रिकामे जाऊ द्यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी कितीही गडबड असली तरी २० मिनिटं. २० मिनिटांचं पळणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. मला ते सगळ्यांत आवडतं, कारण त्याने तुझी ५:४०ची वेळ तुझीच राहते.

आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम तू ऐकला असशील. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये नवशिक्या धावपटूंच्या दोन गटांवर तो तपासला होता, एकाने हळू वाढवलं, दुसऱ्याने भराभर. दुखापतींचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच, २० टक्क्यांच्या वर निघालं. म्हणजे टक्क्यांच्या मागे फार धावू नकोस. मी तीन आठवडे थोडं थोडं वाढवते, चौथ्या आठवड्यात पाऊण पट करते, आणि दर सकाळी पायऱ्या उतरताना पाय काय म्हणतात ते विचारते. शनिवार-रविवारी एकदम ३४ किलोमीटर मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

त्या नडगीबद्दल. आज रात्री बोटाने नडगीच्या आतल्या कडेवरून हळूहळू खालपर्यंत दाबत ये. वीतभर भागात पसरलेली दुखरी जाणीव असेल, पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर ४-५ दिवस पळणं थांबव, सायकल किंवा पोहणं चालेल, आणि मग वरच्या आठवड्यातल्या फक्त इझी दिवसांपासून, २५ मिनिटांनी सुरू कर. पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल, एका पायावर उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, तर एक पाऊलही पळू नकोस. डॉक्टरांना दाखव. हाडाला सूक्ष्म तडा जात असल्याची ती खूण असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर पळायला लागू नकोस.

याच्याशी जोडून एक विचारते. पाळी नियमित आहे का? पहाटे उपाशी पळायचं, मग घाईत निघायचं, दुपारी ऑफिसात मिळेल ते थोडंसं, असं नऊ आठवडे चाललं तर शरीराला सरावाच्या मानाने अन्न कमी पडतं. मग पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कमकुवत होतात, लोह उतरतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केलं. पाळी थांबली म्हणजे सराव छान चाललाय, असं मला माझ्या तरुणपणी एका मोठ्या धावपटूने सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं. त्याची किंमत मी पायाच्या हाडाने मोजली, एक अख्खा हंगाम गेला. तू पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत नीट पोटभर खा, मग अभ्यासाला बस. पाळी तीन महिने आली नसेल तर डॉक्टरांकडे जा, आणि थकवा हटत नसेल तर रक्तातलं फेरिटिन (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घे.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटं. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं, एका पायावर बसून उठणं, प्लँक. फार्टलेकच्या आणि लाँग रनच्या दिवशीच उरकून टाक, म्हणजे हलके दिवस खरंच हलके राहतात.

शेवटचं काम थोडं अवघड आहे, पण ते याच आठवड्यात कर. प्रशिक्षकांना फोन कर आणि तुझं खरं वेळापत्रक सांग: साडेनऊ ते सहा, दीड तास प्रवास, एक विषय, नडगी. आठवड्याला ७० जमणार नाहीत, ४५ नेमाने जमतील, असं स्पष्ट सांग. आम्हा प्रशिक्षकांना सगळ्यांत जास्त त्रास होतो तो तक्त्यातल्या ‘झालं’च्या खोट्या खुणांचा, कारण हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही ७०च्या बेसवर इंटरव्हल लावतो आणि मुलगी प्रत्यक्षात २५वर असते. त्यांचं मत माझ्यापेक्षा वेगळं पडलं तर त्यांचं ऐक, ते तुला पळताना बघतात.

वहीत रोज चारच रकाने ठेव: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, किती मिनिटं पळाले, नडगी कशी होती. किलोमीटरचा रकाना पहिले तीन आठवडे नको. नडगीचं नेमकं काय निघालं आणि फोनवर प्रशिक्षक काय म्हणाले ते मला कळव, मग लाँग रन कुठल्या आठवड्यात ९० मिनिटांवर न्यायची ते ठरवू.